एका छत्रीखाली आठ घरे

मंडळी, एक वस्ती डोळ्यांपुढे आणा. हिंगोली जिल्ह्यातले कोणतेही गाव घ्या. कळमनुरीकडचे घ्या, नाहीतर औंढ्याकडचे. गावाच्या कडेला घरकुलांची एक ओळ आहे. आठ घरे आहेत. भिंतीला भिंत लागून आहे. समोर हातपंप आहे. एक लिंबाचे झाड आहे. ओळीतल्या चौथ्या घरावर लोखंडी पाइप उभा आहे. पाइपाच्या टोकाला जुन्या अँटेनाचा सांगाडा आहे. आता त्यावर कावळे बसतात.

एके काळी ह्याच अँटेनावर चार-पाच घरे टीव्ही पाहत. एका पाइपावरून वायरी ओढलेल्या होत्या. चित्र कधी स्वच्छ यायचे, कधी त्यात मुंग्या यायच्या. मग एक पोरगा वर चढायचा आणि पाइप फिरवायचा. खालून ओरडा व्हायचा, "आलं, आलं! आता हलवू नको!"

मग एक दिवस नुसत्या मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत.

त्यानंतर ज्याने त्याने आपापला मार्ग काढला. दोघांनी केबल घेतली. तिघांनी कंपनीची छत्री लावली. दर महिन्याला ते पैसे भरतात. उरलेल्या तीन घरांत टीव्हीवर कापड झाकलेले आहे.

आता वस्तीतली माणसे म्हणतात, सगळे मिळून एकच छत्री लावू. छत्री बसवणारा मिस्त्री आला. तो म्हणाला, "आठ घरं म्हणजे आठ छत्र्या लागतील. आणि टीव्ही जुने आहेत, तेही बदला."

ओळीतले आबा म्हणाले, "कामून? आधी एका पाइपावर पाच घरं चालत होती. आताच आठ छत्र्या कशापायी?"

आबांचा प्रश्न बरोबर आहे. मिस्त्रीचे बोलणे अर्धे बरोबर आहे, अर्धे चूक आहे. कोणते अर्धे कोणते, ते कळले तर वस्तीचे पैसे वाचतील. म्हणून हा धडा.

टीव्ही आधी सगळ्यांचा होता

मिळून टीव्ही पाहणे आपल्या देशात नवे नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी टीव्ही सुरू झाला. तेव्हा तो घरोघर नव्हताच. १९६७ साली 'कृषिदर्शन' हा शेतीचा कार्यक्रम सुरू झाला. दिल्लीच्या आसपासची ८० गावे तो कार्यक्रम सामाईक टीव्हीवर बघत. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन आले.

त्यानंतर १९७५ साली एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेचा एक उपग्रह वर्षभरासाठी आपल्याला वापरायला मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे ते वर्ष. सहा राज्यांतल्या २,४०० गावांत सरकारने एकेक टीव्ही ठेवला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण गुलबर्गा आणि रायचूर हे जिल्हे होते. निजामाच्या राज्यात हे जिल्हे आणि आपण एकत्र होतो, म्हणून मुद्दाम सांगितले. त्या गावांत टीव्हीसाठी छत्री लावली होती. ती १० फूट रुंद होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची होती. एवढ्या मोठ्या छत्रीवर एक टीव्ही चाले, आणि संध्याकाळी सारा गाव त्याच्यापुढे बसे. आज दोन-अडीच फुटांची छत्री पुरते. कारण आताच्या उपग्रहावरून येणाऱ्या लहरी जास्त जोरकस आहेत, आणि त्या वेगळ्या जातीच्या आहेत.

पुढे १९८२ साली टीव्ही रंगीत झाला. १९८४ च्या सुमारास देशभर लहान लहान मनोरे झपाट्याने उभे राहिले. २५ जानेवारी १९८७ रोजी 'रामायण' मालिका सुरू झाली. तेव्हा टीव्ही असलेल्या घराच्या अंगणात कशी गर्दी होई, ते आपल्यातल्या कित्येकांना आठवत असेल. आपल्या पाइपावरचा अँटेना हा त्याच काळातला.

हे मनोरे नंतर जुने झाले. त्यांना वीज फार लागे. देखभालीला माणसे लागत. आणि एका मनोऱ्यावरून एक-दोनच वाहिन्या येत. लोक केबलकडे आणि छत्रीकडे वळले. मनोऱ्यांकडे बघणारे थोडेच उरले. मग प्रसार भारतीने जुने मनोरे टप्प्याटप्प्याने बंद केले. उरलेल्यांसाठी ३१ मार्च २०२२ ही तारीख ठरवली. सरहद्दीसारख्या महत्त्वाच्या जागचे सुमारे ५० तेवढे ठेवायचे ठरले.

केबलचेही असेच झाले. सरकारने २०११ साली केबलच्या कायद्यात बदल केला. केबलवाल्यांनी जुनी पद्धत सोडून डिजिटल पद्धत घ्यावी, असा नियम झाला. तो एकदम सगळीकडे लागू झाला नाही. आधी मुंबईसारखी चार महानगरे, २०१२ साली. मग पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद अशी मोठी शहरे, २०१३ साली. मग बाकीची शहरे. आणि सगळ्यांत शेवटी खेडी. खेड्यांची शेवटची तारीख होती ३१ मार्च २०१७. ज्यांनी बॉक्स घेतला नाही, त्यांची जुनी केबल त्यानंतर चालेना. पुष्कळांना वाटले, आपला टीव्हीच बिघडला. काहींनी तो भंगारात दिला. टीव्ही चांगला होता. येणाऱ्या लहरींची भाषा बदलली होती, आणि ती जुन्या टीव्हीला कळत नव्हती. एवढेच झाले होते.

डिजिटल म्हणजे काय

समजा, कयाधूला पूर आला आहे. तुम्ही अलीकडच्या काठावर आहात. तुमचा भाऊ पलीकडे आहे. तुम्ही ओरडून सांगता, "बैल आत बांध, वैरण टाक!" पाण्याचा आवाज मोठा आहे. वारा आहे. भावाला थोडे ऐकू येते, थोडे येत नाही. "बैल" ऐकू येते, पुढचे विरून जाते. तो अंदाजाने समजून घेतो.

जुना टीव्ही असा होता. मनोरा जणू चित्र ओरडून सांगे. अंतर वाढले की आवाज विरे आणि त्यात खरखर मिसळे. पडद्यावरच्या मुंग्या म्हणजे ही खरखर. तरी माणसे ओळखू येत. मुंग्यांतूनही क्रिकेट दिसे.

आता समजा रात्र झाली. तुम्ही दोघांनी आधीच ठरवले आहे की बोलायचे नाही, बॅटरीने खुणा करायच्या. बॅटरी लागली म्हणजे एक. विझली म्हणजे शून्य. दोनदा लागली आणि एकदा विझली तर 'बैल आत बांध'. एकदा लागली आणि दोनदा विझली तर 'वैरण टाक'. आता बॅटरी मंद असली तरी बिघडत नाही. धुके असले तरी बिघडत नाही. भावाला एवढेच ओळखायचे आहे की उजेड आहे की नाही. तेवढे ओळखता आले, की निरोप पुरा पोचला. त्यात खरखर नाही, अंदाज नाही.

डिजिटल हे असे आहे. चित्राचे बारीक बारीक चौकोन करतात. प्रत्येक चौकोनाच्या रंगाला आकडा देतात. तो आकडा एक आणि शून्य यांत लिहितात. आकाशातून येतात ते हे एक आणि शून्य. ते इतक्या वेगाने येतात की एका सेकंदात लाखो येऊन जातात. बॉक्स ते वाचतो, आकड्यांचे पुन्हा रंग करतो आणि टीव्हीला देतो. म्हणजे बॉक्स हा दुभाषी आहे. म्हणूनच जुना टीव्ही फेकायची गरज नाही. टीव्हीच्या मागे लाल, पांढरे आणि पिवळे अशी तीन भोके असली, की बॉक्सची वायर तिथे लागते. फारच जुन्या टीव्हीला ती भोके नसतात, फक्त अँटेनाचे भोक असते. त्याला मॉड्युलेटर नावाची लहान डबी लागते. ती लावली की तोही चालतो.

डिजिटलची आणखी एक खुबी आहे. बातम्या सांगणारी बाई बसली आहे. तिच्यामागची भिंत हलत नाही. मग तीच भिंत पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? जे हलले तेवढेच पाठवतात. ओठ हलले, हात हलला, तेवढेच. त्यामुळे जिथे पूर्वी एक वाहिनी मावे तिथे आता कित्येक मावतात.

पण एक खोटही आहे. ती सांगितली पाहिजे. बॅटरी इतकी मंद झाली की लागली का विझली तेच कळेना, तर निरोप पूर्णच बुडतो. अर्धामुर्धा पोचत नाही. डिजिटल चित्र एक तर स्वच्छ येते, नाहीतर त्याचे चौकोन फुटतात आणि ते जाते. मुंग्यांतून क्रिकेट बघायची सोय आता नाही. मृगाचा जोरदार पाऊस कोसळत असतो तेव्हा चित्र थोडा वेळ जाते, ते यामुळे. दाट ढग आणि पाणी लहरी अडवतात. पाऊस ओसरला की चित्र आपोआप येते. तेवढ्यासाठी कोणी वर चढू नये.

छत्री कुठे बघते

महिन्याचे पैसे न घेता वाहिन्या देणारी सरकारी सेवा आहे. तिचे नाव डीडी फ्री डिश. ही १६ डिसेंबर २००४ रोजी सुरू झाली. तेव्हा तिला डीडी डायरेक्ट प्लस म्हणत. आज देशातली चार कोटींहून जास्त घरे ती बघतात, असा अंदाज आहे. आपली मराठी सह्याद्री वाहिनी तिच्यावर आहे. शेतकऱ्यांसाठी डीडी किसान आहे. ती २६ मे २०१५ रोजी सुरू झाली. पहिली ते बारावीच्या मुलांसाठी पीएम ई-विद्या ह्या शिकवण्याच्या वाहिन्या आहेत. २०२० साली शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्या घरात मोठा मोबाइल नव्हता तिथल्या मुलांचे फार हाल झाले. कापडाखाली झाकलेला टीव्ही अशा घराला पुन्हा उपयोगी पडू शकतो.

तरुण मुले म्हणतील, मोबाइलवर सगळे दिसते, छत्री कशाला? दिसते, हे खरे. पण मोबाइलला दर महिन्याला रिचार्ज लागतो. आणि हातभर लांबीच्या पडद्यावर पाच माणसे एकत्र बसून बघतात, तसे चार बोटांच्या पडद्यावर बसता येत नाही.

फ्री डिशच्या वाहिन्या दिल्लीहून वर उपग्रहाकडे जातात. त्या उपग्रहाचे नाव जीसॅट-१५. आपल्या इस्रोने तो बनवला. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी तो दक्षिण अमेरिकेतल्या कुरू गावाहून अवकाशात सोडला. तो आपल्यापासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंच आहे. पृथ्वी ज्या वेगाने फिरते त्याच वेगाने तोही फिरतो. म्हणून आपल्याला तो एकाच जागी थांबलेला असतो. हिंगोलीच्या बाजूने तो कुठे आहे? उगवती आणि दक्षिण यांच्या मधोमध, म्हणजे आग्नेयेला. किंचित दक्षिणेकडे झुकून. हात जमिनीला आडवा धरा. तिथून डोक्यापर्यंत तीन भाग करा. त्यांतले दोन भाग हात वर उचला. तुमचे बोट जिथे रोखले आहे, साधारण तिथे तो उपग्रह आहे. डोळ्यांना मात्र दिसत नाही.

हे कशासाठी सांगितले? लिंबाच्या झाडासाठी. झाड छत्रीच्या आग्नेयेला असेल आणि उंच असेल, तर उन्हाळ्यात चित्र येईल. पावसाळ्यात पालवी दाटली की जाईल. म्हणून पाइप रोवण्याआधी आग्नेयेला बघा. झाड तोडू नका. छत्री चार हात सरकवा.

आणखी एक गंमत. छत्रीचे तोंड सरळ समोर असल्यासारखे दिसते. लोक म्हणतात, ही तर समोरच्या घराकडे बघते आहे. तसे नाही. लहर वरून तिरपी येते, छत्रीवर आपटते आणि पुढच्या दांडीच्या टोकाला जाते. कॅरमची सोंगटी कडेला आपटून भोकात जाते ना, तशी. दांडीच्या टोकाला जी डबी असते तिला एलएनबी म्हणतात. खरे काम ह्या डबीचे आहे. ती लहर पकडते, तिचा जोर वाढवते, आणि वायरीतून खाली जाईल अशी करून पाठवते.

आठ घरांना एक छत्री पुरते का

आता आबांच्या प्रश्नाकडे येऊ.

जुन्या अँटेनाला वायर जोडायची, तिला फाटे फोडायचे, की झाले. चार घरे चालत. चित्र थोडे फिके होई, पण येई. कोणी म्हणेल, छत्रीच्या वायरीलाही तसेच फाटे फोडू. बाजारात त्यासाठी स्प्लिटर नावाची छोटी डबी मिळते. पण इथे अडचण येते.

अँटेना मुका होता. एलएनबी मुका नाही. त्याला वीज लागते. ती वीज घरातला बॉक्स त्याच वायरीतून वर पाठवतो. आणि त्या विजेतूनच तो एलएनबीला हुकूम देतो. आकाशातून लहरी दोन तऱ्हेने येतात, उभ्या आणि आडव्या. बॉक्सने १३ व्होल्टचा दाब दिला तर एलएनबी उभ्या लहरी देतो. १८ व्होल्टचा दिला तर आडव्या देतो. आता एका वायरीवर आठ घरे बसवली. एक घर म्हणते तेरा, दुसरे म्हणते अठरा. एका बैलाचा कासरा दोघांनी दोन बाजूंनी ओढला तर बैल काय करील? एका घरात चित्र येईल, दुसऱ्यात जाईल. मग भांडण होईल. "तुम्ही टीव्ही लावला की आमचा बंद पडतो," असे शेजारणी एकमेकींना म्हणतील. दोष कोणाचाच नसतो. दोष त्या साध्या डबीचा असतो.

म्हणून सामाईक छत्रीसाठी वेगळा एलएनबी घ्यावा लागतो. दोन तोंडांचा मिळतो, चार तोंडांचा मिळतो, आठ तोंडांचाही असतो. प्रत्येक तोंडातून एक वायर निघते आणि थेट एका घरात जाते. प्रत्येक घराचा हुकूम वेगळा पाळला जातो. घरे त्याहून जास्त असतील तर मल्टिस्विच नावाची पेटी लावतात. शहरात मोठ्या इमारतींच्या गच्चीवर अशी पेटी असते. एका छत्रीवर अनेक बिऱ्हाडे चालतात. पेटीला स्वतःची वीज लागते, म्हणून तिचा बोर्ड कोणाच्या मीटरवर, हा प्रश्न येतो. आठ घरांच्या ओळीला मी तरी पेटी सुचवणार नाही. आठ तोंडांचा एलएनबी मिळाला तर तो बरा. नाही मिळाला तर चार तोंडांचे दोन घ्या आणि छत्र्याही दोन लावा. एक बिघडली तर निदान अर्धी ओळ बघत राहील.

तेव्हा आबा बरोबर. आठ छत्र्या लागत नाहीत. पण मिस्त्रीचीही एक गोष्ट खरी आहे. वरचे सामान सामाईक होते, बॉक्स सामाईक होत नाही. प्रत्येक टीव्हीला त्याचा बॉक्स लागतोच. एका घरात दोन टीव्ही असतील तर दोन बॉक्स आणि एलएनबीची दोन तोंडे. काही नव्या टीव्हीत बॉक्स आतच बसवलेला असतो. दुकानदाराला तसे विचारून घ्यावे.

बॉक्स घेताना आणखी एक विचारा. "हा एमपेग-४ आहे का?" हे शब्द खोक्यावर छापलेले असतात. जुन्या तऱ्हेचे बॉक्स स्वस्तात मिळतात, पण त्यांवर फ्री डिशच्या काही वाहिन्या दिसत नाहीत. खोक्यावरचे अक्षर आता आपल्याला वाचता येते. मग दुकानात उभे राहूनच वाचा. घरी येऊन नको.

वायरीचे दोन शब्द. जुन्या अँटेनाची बारीक वायर आधीच ओढलेली आहे, तीच वापरू, असे मनात येते. वापरू नका. छत्रीच्या वायरीतल्या लहरी फार वेगाने कंप पावतात. जुन्या वायरीत त्या वाटेतच मरतात. लांबीही मोजा. घरकुलाची रुंदी पंधरा-सोळा फूट धरली तर आठ घरांची ओळ सव्वाशे फुटांची होते. छत्री एका टोकाला लावली तर दुसऱ्या टोकाला दीडशे फूट वायर लागेल. छत्री मधोमध लावली तर सत्तर-ऐंशी फुटांत भागेल. वायर वाचते आणि चित्रही चांगले येते. मध्ये जोड देऊ नका. जोडात पावसाचे पाणी शिरते आणि आतली तार काळी पडते. असे पाणी शिरलेले जोड मी उघडून पाहिले आहेत. बाहेरून सगळे ठीक दिसते. घरातली माणसे महिनाभर बॉक्सला दोष देत बसतात.

पाइप आणि वीज

हे कमी शब्दांत सांगतो, पण नीट लक्षात ठेवा. लोखंडी पाइप उभा करताना वर विजेची तार आहे का ते आधी बघा. पाइप कलला आणि तारेला लागला तर धरणारी सगळी माणसे जातात. पाइप तारेपासून इतका लांब हवा, की आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचू नये. वायरी विजेच्या खांबाला बांधू नका.

आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा फार पडतात. उंच लोखंडी पाइपाला ओल्या जमिनीपर्यंत अर्थिंगची तार द्यावी. तरी ढग गडगडू लागले की टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढा, आणि छत्रीची वायरही बॉक्समधून काढा. गडगडण्याआधीच काढलेली बरी. वर वीज चमकत असताना ती वायर हातात धरू नये.

वही

यंत्र सोपे आहे. माणसांचे जमवणे अवघड. सामाईक विहिरीचे आपल्याला ठाऊक आहे. पाणी भरपूर असते, पण मोटार जळली की पैसे कोणी द्यायचे यावरून वर्ष जाते. सामाईक छत्रीचेही तेच होते. म्हणून आधी लिहायचे, मग पाइप रोवायचा.

समजा, छत्री, एलएनबी, पाइप, वायरी आणि मजुरी मिळून ६,४०० रुपये झाले. हा आकडा हिशेब समजण्यापुरता आहे. दुकानातला भाव वेगळा असेल. ६,४०० भागिले ८, म्हणजे घरटी ८०० रुपये. बॉक्स ज्याचा त्याने घ्यायचा. शिवाय दुरुस्तीसाठी दर वर्षी घरटी ५० रुपये काढले तर ४०० जमतात. एक एलएनबी बिघडला तर कोणाच्या दारी जावे लागत नाही.

ओळीतल्या शेवटच्या घरात एक आजी एकटीच राहते. मुलाने तिला टीव्ही दिला आहे. ८०० रुपये तिच्याकडे एकदम नाहीत. कोणी म्हणाले, "तिला नंतर जोडू." हे मला पटत नाही. नंतर जोडायचे म्हणजे मिस्त्री पुन्हा बोलवायचा, मजुरी पुन्हा द्यायची. तोंडे आठ आहेत, तर वायरी आताच आठ ओढा. तिचे ८०० दर महिन्याला १०० प्रमाणे आठ महिन्यांत घ्या. वहीत तसे लिहा. पण कोणाला टीव्ही नकोच असेल तर त्याच्यावर जबरदस्ती नको. त्याचे तोंड मोकळे ठेवा. पुढे त्याला हवे झाले तर त्याने ८०० भरावे, आणि ते दुरुस्तीच्या पैशांत जमा करावे.

खर्च आपसांत वाटून घेणे वेगळे. पैसे घेऊन गावात जोडण्या द्यायला लागणे वेगळे. तो केबलचा धंदा होतो. १९९५ च्या केबल कायद्याप्रमाणे त्याला सरकारी नोंदणी लागते. तसेच कंपनीची एका घरापुरती घेतलेली जोडणी आठ घरांत वाटता येत नाही. सामाईक करायची ती फ्री डिश. आणि फ्री डिशसाठी कोणी महिन्याचे पैसे मागू लागला तर देऊ नका. ती सेवा फुकट आहे.

ज्यांना केबलच ठेवायची आहे त्यांनी ठेवावी. सगळ्यांनी एकच केले पाहिजे असे नाही. केबलवाल्याकडून दर महिन्याची पावती मागा. १ फेब्रुवारी २०१९ पासून कोणत्या वाहिन्या घ्यायच्या ते गिऱ्हाईक ठरवते, आणि प्रत्येक पैशाच्या वाहिनीचा दर वेगळा असतो. तुम्ही न मागितलेली वाहिनी बिलात असेल तर ती काढायला सांगा.

वहीत काय लिहायचे? पहिल्या पानावर असे लिहा. "आम्ही खालील आठ घरांनी मिळून एक छत्री लावली. तारीख अमुक. खर्च अमुक. छत्री, पाइप आणि एलएनबी सगळ्यांचे आहेत. घरातली वायर आणि बॉक्स ज्याचा त्याचा. कोणी घर सोडून गेला तर बॉक्स नेईल, वरचे सामान नेणार नाही. वर चढायचे ते मिस्त्रीनेच." खाली आठ सह्या. अंगठे नकोत. आता सही येते.

दुसऱ्या पानापासून पैसे लिहा. डाव्या बाजूला आलेले, उजव्या बाजूला गेलेले. दुकानाची बिले पानाला टाचून ठेवा, कारण एलएनबी मुदतीत बिघडला तर दुकानदार बिल मागतो.

वही कोणाकडे ठेवायची, यावर आमच्याकडे बराच वेळ बोलणे झाले होते. एक म्हणाला सरपंचाकडे, एक म्हणाला मास्तरांकडे. शेवटी ठरले की ज्या घरावर छत्री आहे त्या घरात वही नको, कारण मग सगळाच कारभार एका घरात जातो. वही शेवटच्या घरातल्या आजीकडे गेली. ती दर महिन्याला आपले १०० रुपये स्वतःच्या हाताने तिच्यात लिहिते.